ज्यांना सुतक नाही

दिवाळी अंकात अभद्र विषय काढू नये असा एक संकेत आहे. संपादक तो सहसा बोलून दाखवीत नाहीत. पण फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसलेल्या वाचकाला मृत्यूची आठवण करून देणे बरे नव्हे, हे लेखकाने आपण होऊन ओळखायचे असते. माझा त्यावर एवढाच युक्तिवाद आहे की, दिवाळीत यमराजांना आपणच मानाने बोलावलेले आहे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे ज्योत करून जो दिवा आपण दाराबाहेर ठेवतो तो यमाचा. आणि भाऊबीज म्हणजे पंचांगातली यमद्वितीया. एवढ्याशा सणात ज्याचे दोन दिवस, त्याच्या दारात काम करणाऱ्या माणसांविषयी चार शब्द लिहिले तर ते कुणाला वावगे वाटू नये.

ही माणसे म्हणजे मेलेल्यांना उचलणारे सैनिक.

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पोवाडे झाले, बखरी झाल्या, ऐतिहासिक कादंबऱ्या झाल्या. रक्ताचे पाट वाहतात, प्रेतांचा खच पडतो, आणि खच पडला की शाहीर पुढच्या कडव्याला लागतो. तो खच दुसऱ्या दिवशी उचलला कोणी, हा प्रश्न वर्गात एकाही विद्यार्थ्याने मला विचारलेला नाही आणि विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेतही तो कधी आलेला नाही. नाही म्हणायला महाभारतकारांना त्याची आठवण राहिली आहे. स्त्रीपर्वात युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य अशा मंडळींना बोलावतो आणि ज्यांना मागे कोणी उरलेले नाही अशांचेही नीट दहन करा, एकही देह अनाथासारखा पडू देऊ नका, अशी आज्ञा करतो. चंदन, तूप, लाकडे यांची तपशीलवार तयारी तिथे वर्णिली आहे. त्या रात्री विदुराला झोप लागली का, हे मात्र व्यासांनीही सांगितलेले नाही.

मला हा प्रश्न पडला तो आमच्या हवालदारमामांमुळे.

मामा आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत. मूळचे माण तालुक्यातले. लष्करातली नोकरी संपवून इकडे लागले त्याला आता पंधरा वर्षे होतील. कपाटात पुस्तके अशी लावतात की जणू ती संचलनाला उभी आहेत. पान दुमडणाऱ्या विद्यार्थ्यावर ते रागावत नाहीत. त्याच्यासमोरच ते पान उलगडून अंगठ्याने सरळ करतात आणि मुलगा बिचारा ओशाळतो. कॉलेजच्या गणपतीत मखरापासून आरतीच्या ताम्हनापर्यंत सारे त्यांच्याकडे. पण विसर्जनाच्या दिवशी मामा नसतात. नऊ दिवस राबणारा माणूस दहाव्या दिवशी गैरहजर! सुरुवातीला आम्ही थट्टा केली. पुढे त्याची सवय झाली.

२०२४ च्या सप्टेंबरात, गणपती बसायच्या सुमारास, मामा स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

“बाई, तुमचे दीर डॉक्टर आहेत न्हवं? मनाचे?”

“हो. का हो मामा? तुम्हांला बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय! पोरगं सुट्टीवर आलंय.” मग जरा थांबून म्हणाले, “पण आलंच न्हाई बघा.”

मामांचा मुलगाही लष्करात आहे. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळात वायनाड जिल्ह्यात डोंगर खचला आणि मुंडक्कई, चूरलमला ही गावे दगडचिखलाखाली गेली, तेव्हा त्याची तुकडी तिकडे गेली होती. त्या दिवसांत आपल्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र झळकले होते : लष्कराने बांधलेल्या लोखंडी पुलावर उभ्या असलेल्या मेजर सीता शेळके. पारनेर तालुक्यातली मुलगी. आपल्या सगळ्यांची छाती फुगली, आणि फुगावी असेच ते काम होते. १९० फुटांचा तो पूल दोन दिवसांच्या आत उभा राहिला. पुलावरून पलीकडे गेलेल्या जवानांनी पुढे काय केले, ते मात्र फारसे कुणी छापले नाही; छापण्यासारखे ते नव्हतेही. चालियार नदीने कितीतरी देह आणि देहांचे अवयव मैलोगणती खाली वाहून नेले होते. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना पुथुमला येथे सर्व धर्मांच्या प्रार्थना म्हणून पुरण्यात आले, आणि त्या कबरींवर नावांच्या जागी आकडे लागले.

तिथून हा मुलगा घरी आला होता. जेवताना घास हातात घेऊन तो थांबे. दिवसातून वीसदा साबणाने हात धुई. चार वर्षांची त्याची मुलगी बालवाडीतून आली आणि दप्तर टाकून त्याच्याकडे धावली, की तो उठून गॅलरीत जाई. आजी म्हणे, पोराला दृष्ट लागली. बायको म्हणे, माझेच काही चुकले असेल. मामा काहीच म्हणत नव्हते. ते माझ्याकडे आले होते.

(हे सारे मी मामांच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने लिहिते आहे. “लिवा बाई, नाव तेवढं घालू नका,” असे मामा म्हणाले.)

माझे दीर गणपतीच्या दर्शनाचे निमित्त करून मामांच्या बिऱ्हाडी जाऊन आले. मुलाशी काय बोलणे झाले ते आपल्या धंद्याच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी मला सांगितले नाही. पण त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी सुपारी पुढे केली आणि म्हटले, “भावजी, प्रेत पाहून सैनिकाला धक्का बसावा, हे मला कळत नाही. मरण तर त्याच्या कामातच आहे.”

“वहिनी,” ते म्हणाले, “मरायला तयार असणं वेगळं आणि मेलेल्याला उचलणं वेगळं. याचा चांगला अभ्यास झालेला आहे.”

त्यांनी सांगितले आणि मग लेख आणून दिले, त्यांतले थोडे येथे सांगते.

१२ डिसेंबर १९८५ रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, गँडर या गावी, एक विमान उड्डाण करताच कोसळले. सिनाईच्या वाळवंटातले शांतिरक्षणाचे काम संपवून नाताळासाठी घरी निघालेले २४८ अमेरिकन सैनिक त्यात होते. विमानातल्या आठ कर्मचाऱ्यांसह सगळे, २५६ जण, गेले. ते देह अमेरिकेत डोव्हर येथल्या हवाई तळावर आणले गेले. परदेशात मेलेले अमेरिकन सैनिक याच तळावरून आपापल्या घरी जातात. ओळख पटविण्याचे काम कित्येक आठवडे चालले, आणि त्यासाठी नेहमीच्या माणसांखेरीज इतर सैनिक मदतीला घ्यावे लागले. रॉबर्ट उर्सानो आणि जेम्स मॅकॅरोल या दोघा संशोधकांनी या मदतनिसांना गाठून त्यांच्याशी सविस्तर बोलणी केली. पुढे १९९१ च्या आखाती युद्धातही मॅकॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच अभ्यास केला. मृतांना हाताळणाऱ्यांच्या मनात ती दृश्ये इतर सैनिकांपेक्षा अधिक वेळा परतून येत, असे त्यांना आढळले.

त्यांच्या निष्कर्षांपैकी काही आपल्याला सहज सुचतील असे आहेत. वास फार छळतो आणि तो कपड्यांना नसला तरी नाकात राहतो. लहान मुलांचे देह सगळ्यांत कठीण. पहिल्यांदाच हे काम करणारा कोवळा सैनिक जुन्यापेक्षा अधिक हादरतो. आणि कित्येकांना प्रत्यक्ष कामापेक्षा आदल्या रात्रीची कल्पनाच जड जाते.

पण काही गोष्टी वाचून मी थबकले. आपल्याला वाटते, छिन्नविच्छिन्न देह पाहवत नसेल. तो पाहवत नाहीच. पण ज्याच्या अंगावर ओरखडाही नाही, जो नुसता झोपल्यासारखा दिसतो, तो देहही माणसाला फार अस्वस्थ करतो. आणि देहाहूनही अधिक लागते ते देहाबरोबर सापडलेले सामान. पाकिटातले छायाचित्र, घरचे पत्र, मुलासाठी घेतलेले खेळणे. देह हे काम असते. खिशातले पत्र हा माणूस असतो. ‘हा माझा मित्र असता’, ‘हा मीच असतो’, ‘हे माझे मूल असते’ हा विचार एकदा शिरला की हात चालत नाहीत. म्हणून जाणती माणसे नवख्यांना सांगतात : चेहऱ्याकडे फार पाहू नका, हातांकडे पाहू नका, नाव वाचू नका, पत्रे वाचू नका.

आपल्या घराघरांत ठाऊक असलेली एक कथा मला तेव्हा आठवली. राजा हरिश्चंद्र डोंबाच्या घरी राबला. त्याने स्मशान राखले, रोज परक्यांची प्रेते पाहिली, कर मागितला, चिता रचू दिल्या. या साऱ्यात तो मोडला नाही. मग एका रात्री एक बाई पोटच्या पोराचे प्रेत घेऊन आली आणि ते प्रेत रोहिदासाचे निघाले. लहानपणी या कथेत मला सत्याची परीक्षा दिसे. आता वाटते, स्मशानात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात जी भीती असते तीच त्या कथेने उघड मांडली आहे : आज ना उद्या यातले एक आपले निघेल. हरिश्चंद्राला शेवटी देव भेटले आणि मूल उठून बसले. हवालदाराच्या मुलासाठी कोण येणार?

“कुणी देव लागत नाही,” दीर म्हणाले. “बरंचसं काम साधं असतं. पण ते वेळेवर करावं लागतं.”

ते साधे काम असे. आधी सांगावे : काय दिसेल, कसा वास येईल, किती वेळ लागेल. झाकून ठेवलेली गोष्ट कल्पनेत दुप्पट होते. नवख्याला एकटा सोडू नये. जुन्याबरोबर जोडी लावावी. पाळ्या लहान ठेवाव्या, मध्ये विश्रांती, गरम जेवण, अंघोळीला पाणी आणि कामाच्या जागेपासून दूर बसायला सावली असावी. जो देह हाताळतो त्याच्याकडेच मृताचे सामान तपासायचे काम देऊ नये. एखाद्याचे हात थांबले तर त्याला भित्रा न म्हणता दुसऱ्या कामाला लावावे. आणि शेवटी वरिष्ठाने चार माणसांसमोर म्हणावे, की हे काम फार मोलाचे झाले, मृतांच्या घरच्यांवर तुमचे उपकार आहेत. आपण कशासाठी हे केले याचा अर्थ हाताशी असला, म्हणजे ओझे पेलायला जागा मिळते.

मी विचारले, “आणि मग सगळ्यांना बसवून मन मोकळं करायला लावायचं?”

दीर हसले. “तिथंच फसगत झाली होती. पूर्वी दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून काय पाहिलंत, काय वाटलं, ते वदवून घेत असत. तपासून पाहता अशा एका बैठकीनं पुढचा आजार टळत नाही असं दिसलं. काहींना उलट त्रास झाला. बोलायची दारं उघडी ठेवावी, वहिनी. आत ढकलू नये. बहुतेक माणसं आपल्या माणसांत, आपल्या वेळेनं सावरतात. महिना उलटला तरी झोप नाही, तीच दृश्यं येताहेत, मुलाबाळांपासून माणूस तुटतोय, दारू वाढतेय, असं दिसलं तर मात्र वाट पाहू नये. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.”

सैन्यात मनोविकारतज्ज्ञ असतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेली मानस’चा खास कक्ष आपल्या पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, १ डिसेंबर २०२३ पासून आहे, हे मला त्या रात्री कळले. १४४१६ हा ‘टेली मानस’चा देशभरचा क्रमांक. तो वाचकांनी टिपून ठेवावा. त्याला गणवेशाची अट नाही.

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. मनात आपल्या सुतकाचा विचार घोळत होता. सुधारकी घरात वाढल्यामुळे सोवळ्यासुतकाला मी नेहमी हसत आले. पण आपल्याकडे घरात कोणी गेले की काय काय होते, ते एकदा शांतपणे आठवून पाहा. स्मशानातून आलेल्याला दारातच पायांवर पाणी, कडुनिंबाचे पान, मग स्नान. त्या दिवशी घरात चूल नाही. शेजारून पिठले-भात येतो. दहा दिवस त्या घराकडून कुणी कसली अपेक्षा करीत नाही. माणसे येतात, बसतात, फारसे न बोलता उठून जातात. तेराव्याला गोडाचा घास तोंडात घालून त्या घराला पुन्हा व्यवहारात आणतात. विटाळाची कल्पना बाजूला ठेवली, तर उरते ती दुःखाला दिलेली हक्काची रजा आणि त्या रजेचा ठरलेला शेवट. शास्त्रकारांनी परक्याचे प्रेत वाहणाऱ्यालासुद्धा एक किंवा तीन दिवसांचे सुतक सांगितले आहे.

यात आपली पाठ थोपटून घेण्यासारखे फार नाही. मेलेल्यांचे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून करून घेतले, त्यांचे सुतक आपण जन्मभर फिटू दिले नाही. त्यांना गावाबाहेर ठेवले. सैन्यात निदान तसे नाही. तिथे हे काम ज्याच्या वाट्याला येईल तो करतो, आणि शत्रूचेही करतो. १९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानने आपले म्हणून न स्वीकारलेले सैनिक आपल्या जवानांनी इस्लामी रीतीने प्रार्थना म्हणून दफन केले. त्याच युद्धात गावोगावी तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या आल्या. आपण फुले वाहिली, घोषणा दिल्या. ती पेटी ज्याने भरली, मिटवायचे ते डोळे मिटवले, गणवेश नीट केला, त्याला सुतक कोणते? त्याचे नाते नाही, गोत्र नाही. सकाळी त्याने प्रेत उचलले आणि दुपारी तो पुढच्या कामाला लागला.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. मामा नेहमीप्रमाणे आले नाहीत. चार दिवसांनी ग्रंथालयात मी पुस्तक परत करायला गेले, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितले.

रात्री बाप-लेक चाळीच्या गॅलरीत बसले होते. खाली ढोलताशे. मामा समोरच्या अंधाराकडे पाहत बोलू लागले. १९९३ साली तेही असेच पंचविशीचे होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, दमून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतच अंगावर आल्या. लातूर-उस्मानाबादकडची साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. मामांची तुकडी पोचली तेव्हा पाऊस लागला होता, आणि चितांना लाकूड पुरत नव्हते.

“पाच-पंचवीस काढली होती बाई. काही वाटलं न्हवतं. मग एक हात दिसला. दंडावर अनंताचा दोरा. तांबडा, रेशमी, नवाकोरा. चिखलातबी रंग गेला न्हवता. आमची आई असाच बांधायची. दोरा बघितला आन् हातच चालंनात.”

“मग?”

“सुभेदारसाहेब पाठीमागं हुते. काय बोलले न्हाईत. माझ्या हातातलं फावडं घेतलं आन् म्हणाले, जा, लंगरात कांदा चिरायला माणूस कमी पडतोय.” मामा क्षणभर हसले. “दोन दिवस कांदाच चिरला. कांदा चिरताना रडलं, तर कोण इचारतंय!”

अमेरिकेतल्या विद्वानांनी जे लिहून ठेवले ते त्या सुभेदाराला कुणी शिकवले होते, कोण जाणे! पण लंगरातून मामा घरी परतले तेव्हा घरच्यांनी विचारले नाही, आणि मामांनी सांगितले नाही. एकतीस वर्षे. त्या रात्री प्रथमच त्यांनी तो दोरा उच्चारला.

त्यावर मुलगा बराच वेळ गप्प होता. मग तो बोलला. चिखलात एक शाळेची वही सापडली होती. वर मल्याळीत नाव. त्याला ती लिपी येत नव्हती, त्यामुळे ती नुसती वही होती. शेजारच्या केरळी जवानाने सहज ते नाव वाचून दाखवले. तेवढ्याने त्या वहीला मालकीण मिळाली.

पुढे एकदम सारे सुरळीत झाले असे नाही. सुट्टी संपवून तो रुजू झाला. तिथल्या डॉक्टरांना भेटला, औषधे आणि बोलणी काही महिने चालली. घरीही काही बदल झाले, ते दीरांनी सुचवलेले आणि घरच्यांनी मनापासून केलेले. आजीने दृष्ट काढायची ती काढलीच, पण “काय काय बघितलंस रे?” असे विचारायचे सोडले. बायकोला कळले की त्याच्या गप्प बसण्यात तिचा दोष नाही. ती संध्याकाळी त्याच्याजवळ भाजी निवडत बसू लागली. आल्यागेल्याने “किती निघाले?” असे विचारले की मामा विषय बदलत. हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! उत्तर देणाऱ्याला तो आकडा नसतो. त्याला ती एकेक माणसे असतात.

यंदा, ६ सप्टेंबर २०२५ ला, कॉलेजच्या गणपतीचे विसर्जन झाले. मामा याही वर्षी नव्हते, आणि आता त्यावर कोणी थट्टा करीत नाही. सोमवारी ते आले. कपाटाच्या किल्ल्या माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवीत म्हणाले, “काल पहाटे चारला पोराचा फोन आला हुता बाई.”

“पहाटे चारला? काय म्हणाला?”

“काही न्हाई. म्हणला, मला ठावं हुतं, बाबा जागं असणार.”